दुपारचा खेळ

खानापूरच्या टॉकीजमध्ये
पडद्यावर आतडी सांडत होती.
रक्त थेट कॅमेऱ्याच्या काचेवर उडालं
तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

शेजारी मोनाप्पामामा,
पलटणीतून सुटून बावीस वर्षं झालेले,
निवांत शेंगा सोलत.
'रंग पातळ केलाय की ओ,' एवढंच म्हणाले.

मग एक दृश्य, जेमतेम अर्ध्या मिनिटाचं.
एक जवान
मेलेल्या सोबत्याचा बिस्तरा बांधतो.
साबणाची वडी निघते, निम्मी झिजलेली,
तिला चिकटलेला एक केस.
तो ती फेकत नाही.
कागदात गुंडाळतो,
आणि पत्ता लिहायला पेन शोधत राहतो.

पोरांनी मोबाईल काढले.
मामांच्या बोटांतली शेंग
फुटलीच नाही.

बाहेर कंडक्टर ओरडत होता, नंदगड, नंदगड.
पाटी कन्नडात, हाक दोन्ही भाषांत एकच.
'मीबी धाडलेलं एक पार्सल त्या गावाला,'
मामा म्हणाले,
'शहाण्णव साली.
पोचलं का, विचारायचं राहिलंय.'

बस सुटली.
'पुढच्या गाडीनं जाऊया,' म्हणाले,
आणि तेच म्हणाले
तिसरी गाडी सुटतानाही.