लाल हातमोजा

हिउमा बेटावर परत आले ती मार्चमध्ये.
बाल्टिक अजून अर्धा गोठलेला,
फेरीबोट बर्फ कुरतडत चाललेली.

चौकीतल्या बाईनं फाईल दिली. सतरा पानं.
साल्मे, वय एकतीस, दीपगृहवाल्याची बायको.
त्रेसष्टच्या जानेवारीत दूध आणायला गेली.
किटली तेवढी सापडली;
दुधानं गोठून झाकण वर उचललेलं.
पुढं कोरं.

त्या कोऱ्यावरच मी पहिली कादंबरी रचली होती.
खुनी दिला, हेतू दिला,
बर्फात एक लाल हातमोजा टाकला,
का, तर पांढऱ्यावर लाल उठून दिसतं.

आदु तेव्हा नऊ वर्षांचा.
आता धुरावलेल्या माशाची कातडी सोलत म्हणतो,
पाहिलं होतं ना मी. खिडकीतून.
ती वाट, ते कुंपण, कुत्रं भुंकत होतं,
आणि हातमोजा. लालभडक. डावा.

मी पेन्सिल खाली ठेवली.
त्याच्या फळीवर माझंच पुस्तक,
वाचून वाचून कणा मोडलेलं.
एका मेलेल्या बाईच्या हातात
मीच घातला होता तो मोजा,
आता तो निघता निघत नाही.

निघताना, दारातच, उगाच विचारलं,
कुत्र्याचं नाव काय होतं?
मुरी, तो म्हणाला. लगेच.

माझ्या कादंबरीत कुत्रं नाही.

कुणाचं होतं?
त्यानं सुरी कागदाला पुसली. सावकाश, दोन्ही बाजूंनी.
आमचंच.
बाबांनी शीळ घातली
तसं गप्प झालं.