थंड लागलं

माझी एक दाढ मेलेली आहे.
उजवीकडची, खालची. पंधरा वर्षं झाली.
नस काढली, मसाला भरला, वर टोपी बसवली,
अशोक चौकात, मालकाकडून उचल घेऊन.
तिच्यावर मी कडक भाकरी मोडतो,
तिची कसलीच तक्रार नाही.
मेलेल्यांची नसतेच.

म्हणून मानसाचा पुढचा दात काळपट पडला
तेव्हा मी म्हटलं, माझं केलं तसंच करा.

नऊ वर्षांची पोर. डबा द्यायला कारखान्यात आली
आणि बीमच्या लोखंडी कडेवर आपटली.
कोपरा उडाला. रडली, विसरली.
दोन महिन्यांनी हिरडीवर फोड,
मुगाच्या दाण्याएवढा.
विड्या वळता वळता तिची आई म्हणाली,
पन्नू कुजला वाटतं.

डॉक्टर नदाफबाईंनी फोटो उजेडासमोर धरला.
बघा येमूल, मूळ अजून पुरं झालेलं नाही.
खालचं तोंड उघडं, भिंती पापुद्र्यासारख्या.
मसाला दाबला तर थांबणार कुठे?
आणि थांबला तरी एवढ्या पातळ भिंतीचा दात
किती वर्षं उभा राहील?

मग उपटायचा?

नाही. आधी औषध भरून ठेवू, आतली घाण जाऊ दे.
तीन-चार आठवड्यांनी
सुई मुळाच्या टोकापलीकडे नेऊन
रक्त आणू.
ते आत गोठेल, वरून मी झाकण घालीन.
पुढचं काम माझं नाही.
टोकाशी काही पेशी असतात,
आपण काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या.
त्या गोठलेल्या रक्तावर चढतात.
चढल्या तर.

तर?

तर, म्हणाल्या बाई. हमी देत नाही मी.

खरं सांगतो, विश्वास बसला नाही.
बावीस वर्षं टॉवेलचे माग चालवतोय.
तुटलेला धागा आपला आपण जुळलेला
एकदाही पाहिला नाही.
माग थांबवावा लागतो,
टोकं शोधावी लागतात,
बोट थुंकीनं ओलं करून गाठ मारावी लागते.
रात्रपाळीला खाली पडलेल्या गुंत्यातून
सकाळी टॉवेल निघत नाही.

त्या दिवशी पहिली सुई कोरडीच आली.
दुसरीही.
बाई थांबल्या. पंखा फिरत होता.
मानसानं माझा अंगठा धरलेला, नखं रुतत होती.
मग बाई हळूच म्हणाल्या, आलं.
पोरीच्या तोंडातलं रक्त पाहून
मला बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

गड्ड्याची जत्रा आली नि गेली.
फोड बसला. ताप नाही, ठणका नाही.
दात मात्र राखाडीच राहिला,
मानसा हसताना वरचा ओठ खाली ओढते,
वर्गातल्या फोटोत तोंड मिटलेलं.
दर तीन महिन्यांनी एक्स-रे.
मला त्यातलं काही कळत नसे,
बाईंची पेन्सिल जिथे थांबायची तिथे बघायचो.
वर्षानं पेन्सिल थांबली:
ही भिंत पूर्वी एवढी होती, आता एवढी.
केसाएवढा फरक.
पण फणीतून हजार धागे काढणाऱ्या माणसाला
केसाएवढं म्हणजे किती, ते सांगू नका.

मग त्यांनी कापसाचा बोळा गार केला.
आधी शेजारच्या दाताला. हात वर.
मग ह्याला.
काहीच नाही.
काहीच नाही.
हात वर.
थंड लागलं, मानसा बोळ्याआडून बोलली.
बाईंचा भरवसा नाही बसला.
डोळे मीट, म्हणाल्या, कुठे लावते सांगायची नाही.
चारदा लावला. तीनदा बरोबर.
चौथ्यांदा ती हसत होती.

बाहेर गोळेवाला उभा होता, काला खट्टा घेतला.
पोरगी पुढच्या दातांनी बर्फात घुसली
आणि किंचाळली,
चपला आपटत गोल फिरली,
अय्यो नाना, झोंबतंय, झोंबतंय!

उरलेला गोळा तिनं माझ्या हातात दिला.
मी उजवीकडे धरला,
वितळेपर्यंत.