ठसा

खानापुरात, स्टेशन रोडवर, दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी संध्याकाळी शाळेत जाते.
शाळा कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याच्या वाटेला,
शेवटची बस पाचलाच निघून गेलेली.

त्या शाळेचं दार बाहेरून उघडतच नाही.
नेटच्या जगात तिला स्वतःचा पत्ता नाही,
म्हणून सकाळी वीज आली की तीच आतून
बोगदा खणत येते माझ्या दुकानापर्यंत,
आणि मी त्यातून उलटी शिरते,
कॅसलरॉकच्या बोगद्यात गाडी शिरते तशी
दिवे लावून, हळू.

आठ संगणक. बँकेनं टाकून दिलेले.
"सॉफ्टवेअर फुकटचं म्हणं?" अध्यक्ष म्हणाले होते.
फुकटचं न्हवं, मोकळं.
उघडून बघा, दुरुस्त करा, शेजारच्या शाळेला द्या.
"मग चोरबी बघंल की."
बघू दे. कुलूप कसं घडवलंय ते सगळ्या गावानं बघू दे.
किल्ली माझ्याजवळ आहे
आणि किल्लीलाही एक वाक्य लागतं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

(आधीचा पासवर्ड फळ्यावर होता. खडूनं. वर 'पुसू नये'.)

रात्रभर माझ्या दारावर कुठून कुठून टकटक.
अ‍ॅडमिन आहे का? टेस्ट आहे का? रूट?
एका रात्रीत तीन हजार नावं.
पासवर्डाचं दार मी कधीच विटांनी बुजवलंय.
ठोकत बसा.

पहिल्या दिवशी मात्र मलाच विचारणा झाली होती:
समोरच्या यंत्राचा हा ठसा. ओळखतेस?
गवंडी बाईंना फोन लावला. त्या पडद्यावरून वाचत गेल्या,
मोठा के, लहान क्यू, सात, परत सात,
एक अक्षर चुकलं तर मधे कुणीतरी बसलंय समजायचं.
मागं भांडी घासल्याचा आवाज होता. तो थांबला.
"मशिनलाबी अंगठा उठवाय लागतोय व्हय?"
यल्लूबाय. बिसियूट शिजवणारी.
तिचा अंगठा दर महिन्याला पत्रकावर, निळा.

सहाला सगळे संगणक झोपतात, तसं मीच लिहून ठेवलंय.
गेल्या सोमवारी चार नंबर सहा दहाला उठला.
मंगळवारी उठला.
बुधवारी.
खोलीची लोखंडी किल्ली यल्लूबायच्या पदराला असते.

एक बटण दाबलं असतं
तर चार नंबरचा पडदा माझ्या पडद्यात उमटला असता,
काडेपेटीएवढा.
बोट तिथवर गेलं, खोटं कशाला बोलू.
मग नुसती एक ओळ पाठवली: कोण हाय?

पाच मिनिटांनी फोन.
"मी बघ, यल्लू. चोर न्हवं.
नाव लिवाय शिकायलोय. य गावला. ल्लू काय गावंना."
ल घे. त्याचा पाय मोड. परत ल, मग उकार.
"पाय मोडू?"
मोड. डी-चं बटण.
बराच वेळ काही नाही. मग हसली.
"आता कन्नडात. पत्रक कन्नडात असतंय न्हवं."
आल्ट-शिफ्ट दाब, आणि तीच बटणं परत.
"तीच?"
तीच. बोटं जातात तिथंच जातात,
अक्षरं तेवढी गोल होतात.

त्या रात्री तिच्या नावाचं खातं उघडलं.
आत तिचं घर, तिची फाइल,
दुसऱ्याच्या घरात डोकावायची मुभा नाही,
तिच्या घरात पोरांना नाही,
आणि मला आहे, म्हणूनच जपून.
सहाचे साडेसात केले, फक्त चार नंबरला,
आणि शेजारी कारण लिहिलं,
उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर खोडू नये म्हणून:
भांडी घासून झाल्यावर येते.

कालची नोंद.
चार नंबर. यल्लूबाय. आत सहा बारा, बाहेर सात एकोणतीस.
मधलं मला माहीत नाही.