चाळीस पावलं, मग डावीकडे

जिरू माझ्याकडे आला तेव्हा
त्याच्या पाठीवर जरीची झूल होती,
कपाळावर प्लास्टिकचा तुरा,
आणि आयाळीत गोदाघाटावरची धूळ.
हबीबचाचा म्हणाले, "घ्या साहेब. गुडघे गेले."
कुणाचे, ते विचारायचं राहिलं.
तट्टूचे तर ठणठणीत निघाले.

उंची सांगायची तर माझ्या कमरेइतकी.
कान टवकारले की शर्टाच्या खिशापर्यंत,
आणि खिशात गूळ आहे की नुसता चष्मा
हे माझ्याआधी त्याला ठाऊक.

मखमलाबादला, द्राक्षबागेच्या कडेला
त्याला पडवी दिली, गवत दिलं, आराम दिला.
आठ दिवसांत त्याने दाराची चौकट खाल्ली.
मग पाण्याची नळी.
मग भिंतीवरचं कॅलेंडर, एकादशीपर्यंत.
डॉक्टर निरगुडे आल्या, पोटाला नळी लावली,
जीभ पाहिली, हात धुतले, म्हणाल्या,
"आजार नाही. बेकारी आहे."

मग काम शोधलं.
जुना टायर दोरीला बांधून
अंगण सपाट करायचं, एवढंच.
चाळीस पावलं नीट गेला, डावीकडे वळला.
पुन्हा चाळीस. पुन्हा डावीकडे.
संध्याकाळी अंगणात उमटला
एक चौकोन, कोपरे झिजलेला,
देवाला उलटी प्रदक्षिणा घातल्यासारखा.
घाटावर एवढीच फेरी असायची, दहा रुपयांची,
भेळेच्या गाडीपासून निघून
त्याच भेळेच्या गाडीपाशी.

मी हसलो नाही.
एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात
मी गड्ड्या मोजल्या.
अजून भज्यांच्या ताटलीवरून बोट फिरतं,
अजून भोंग्याच्या वेळेला डबा शोधतो.

ऑक्टोबर छाटणीला पेठकडची माणसं आली.
जिरूला दोन टोपल्या अडकवल्या, छाटलेल्या काड्यांसाठी.
काड्या राहिल्या, पाला संपला.
त्याच दुपारी कामावरून काढलं.
इंदूबाई गावित कात्री पुसत म्हणाल्या,
"पोरांकडं द्या त्याला. तीबी रिकामीच हायेत."

पोरांनी विचारलं नाही त्याला काय येतं.
क्रेट वाकडेतिकडे मांडले नि मधून पळाली.
तोही पळाला.
शेततळ्याचा निळा कागद अंथरला;
आधी फुरफुरला, मग हुंगला,
मग एक खूर ठेवून थांबला,
गार पाण्यात पाय घालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
हवा गेलेल्या फुटबॉलला नाकाने ढकलून
झिपऱ्याच्या गोलात दोनदा, स्वतःच्या गोलात पाचदा.
आणि सोमी, सगळ्यांत धाकटी,
ती पुढे चालायची हातात गाजर धरून.
मला बजावलं तिने:
"मागं बघायचं न्हाई. बघितलं का त्यो इचार करतो."

तिथून चहाचं काम निघालं.
दोन किटल्या, तोंडाला फडकं,
बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत, कालव्याच्या कडेने.
पहिल्या दिवशी चाळीस पावलांवर
कालवा नेमका डावीकडे होता.
त्या दिवशी माशांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सोमीने दोरी सोडली.
नुसतीच पुढे चालली, गाजर न दाखवता.
मी मागून, सवयीने मोजत.
अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.
डावा कान वळला. डावा खूर हवेत थांबला.
किटलीत चहा डुचमळला.
सोमीने मागे पाहिलं नाही.
एक्केचाळीस.
मग बेचाळीस असणार, त्रेचाळीस असणार,
पुढचं मोजायचं माझ्याकडून राहून गेलं.

चहा पोचला तो कोमट.
इंदूबाई म्हणाल्या, "उद्या जरा बिगी."
जिरूने मान हलवली,
म्हणजे किटलीवरचं फडकं
तोंडात धरून ओढलं,
आणि उभा राहिला चावत,
कामावरचा माणूस पान चघळतो तसा.