पिठ्या

भाचा पुण्याहून आला तेव्हा
त्याच्या कपड्यांच्या पिशवीत काहीतरी वळवळत होतं.
"मावशी, फेरेट. याच्या नुसत्या वासानं
उंदीर गल्ली सोडतात."
बाहेर निघालं ते असं,
की मुंगसाला मांजराचं तोंड डकवावं
आणि मग लाटण्यानं लांब करावं.
डोळ्यांवर काळा पट्टा.
मी म्हटलं, चोर धरायला चोरच आणलास होय रे.

माझी गिरणी देवळाली गावात.
दहा घोड्यांची मोटर, दोन जोड्या दगड,
आणि उंदीर, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचे.
पिंजरे झाले, गोंदाचे पुठ्ठे झाले,
पिठात सिमेंट कालवून गोळ्या वळल्या.
एकदा औषध खाल्लेला एक
पट्ट्यामागे जाऊन मेला,
चौथ्या दिवशी कळलं,
ऐन अधिक महिन्यात, दारात भाजणीची रांग.

वासाचं म्हणाल, तर तो आला.
उंदरांना नाही, बोरस्तेवहिनींना.
डबा तसाच उचलून समोरच्या चक्कीवर गेल्या.
पिठ्याला अंडं लागतं, कोंबडीचा कोथळा लागतो,
आणि माझ्याकडे दळण एकादशीचं.
म्हणून त्याला दिवसा वर, माझ्या खोलीत ठेवायचं,
रात्री शटर पडलं की खाली सोडायचं,
रखवालदाराला सोडावं तसं.

रखवालदार अठरा तास झोपायचा.
उरलेल्या सहांत चोऱ्या.
दळणाचे नंबर कोरलेले बिल्ले,
पान्याची चावी, माझी डाव्या पायाची चप्पल,
सगळं ओढत मोटरीखाली.
एका रात्री दोनला उतरले, दिवा लावला,
तर त्याच्या वाटीवर एक उंदीर,
पुढचे पाय वाटीच्या काठावर, निवांत.
बारदानात पिठ्या घोरतोय.
भाच्याला हे सांगितलं नाही.

असंही नाही की तो भित्रा.
गटाराच्या तोंडाशी घूस आली तेव्हा
सरळ बिळात घुसला.
आत काय झालं ते आतल्यांनाच ठाऊक.
बाहेर आला तो कान फाटलेला,
मागे मागे सरकत,
आणि माझ्या पदरात शिरून
तासभर थरथरला.
हळद लावली. डॉक्टर गुरांचा,
म्हणाला, असलं जनावर पहिल्यांदाच बघतोय बाई.

मे महिना कठीण गेला.
पत्र्याखाली त्याची जीभ बाहेर.
बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून
पोटाशी द्यायची, तिला तो बिलगून पडायचा.
माझ्यासाठी कधी कूलर घेतला नव्हता.

मग जूनमध्ये पळाला.
दोन दिवस. शेवटी लाँड्रीवाल्या पगारेंच्या
इस्त्रीच्या ढिगात सापडला,
कुणाच्या तरी लग्नाच्या सफारीवर.
त्या दिवशी मी गांगुर्डे गवंड्याला बोलावलं.
जिथून पिठ्या जाईल तिथं तिथं
बाटल्यांच्या काचा, वर सिमेंट.
मोरीला जाळी. शटरखाली पत्र्याची पट्टी.
त्याच्या तोंडात जायला नको म्हणून
औषधाच्या पुड्या जाळून टाकल्या.
पीठ नाकात गेलं की शिंकत सुटतो,
म्हणून रोज रात्री, कितीही उशीर होवो,
भिंतीच्या कडेपर्यंत झाडून घ्यायचं.

दसऱ्याला दगडांना टाकी लावायला
मोटर सरकवली तेव्हा लक्षात आलं.
लेंड्या नाहीत. कुरतडलेलं पोतं नाही.
खाली नुसते बिल्ले, चावी, चप्पल,
आणि बेचाळीस नंबर, ज्याच्यावरून
मी खैरनारांच्या सुनेशी भांडले होते.

बोरस्तेवहिनी परत आल्यात.
तराजूशी उभ्या राहून विचारतात,
"काय हो, धरतो का उंदीर?"
मी म्हणते, एकही नाही.
"मग कशाला पोसता?"

मोटर चालू असते, ऐकू येत नाही असं दाखवता येतं.
गहू ओतते. हात आवाजावर धरते,
पीठ गरम येतंय, जरा जाड.
दगड थोडा आवळायला हवा.