टीप

नवव्या मजल्यावरच्या खांबाला
आम्ही सेन्सर बसवला, तेव्हापासून
रोज दहाच्या सुमारास
पडद्यावर एक बारीक थरथर उमटते.
नेझाहत हानिमांचं शिलाई मशीन.
‘गाळून टाक,’ फेरहान म्हणाला.
मी नाही गाळली.

मंगळवारी इझमीर हललं.
इमारत अकरा सेंटिमीटर झुकली, परत आली,
मग बराच वेळ आपल्याशीच डोलत राहिली.
आकडे तपासले: ठेका जुनाच, किंचित संथ.
हिरवा दिवा दिला.
घरातल्या सपातांतच पळालेली माणसं
जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. रेघ सपाट.
साडेदहा.
अहवाल लिहून झालेला, सही तेवढी राहिलेली.

अकराच्या जरा आधी
नवव्या मजल्यावरून
एक टीप.
थांबली.
मग सलग.