भावफलक

चाकूरच्या पुढं, नांदेड रोडला,
उजव्या हाताला जो बंद पंप लागतो
तिथं मी असतो.
मन्मथ उटगे. रात्रपाळी.
आता दिवसपाळी पण मीच.

छत अजून कोरं आहे. परदेशी पत्रा, गंज धरत नाही.
कंपनीचं चिन्ह उतरवून नेलं तेव्हा
मागं त्याच आकाराचा उजळ डाग राहिला,
भिंतीवरचं घड्याळ काढल्यावर राहतो तसा.

उद्घाटनाला योरिस साहेब आला होता.
दाराच्या चौकटीपेक्षा उंच, म्हणून कायम लवलेला.
हरंगुळच्या एका मास्तरणीच्या स्कूटीत
त्यानं स्वतःच्या हातानं दोन लिटर टाकलं.
त्याआधी काट्यावर बोट ठेवून तिला शून्य दाखवलं.
मापात पाप नाही, असं दुभाष्या म्हणाला,
साहेब नुसता हसला.
"शून्य बघा, मॅडम"
मी अजून झोपेत म्हणतो. बायकोला पाठ झालंय.

मग दिल्लीनं काहीतरी ठरवलं.
काय ठरवलं ते आम्हाला समोरच्या पंपावरून कळलं.
समोरचा पंप सरकारी. हवेचा पाईप फुटका,
संडासाला कुलूप, किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही.
पण त्याचा तोटा सरकार भरणार
आणि आमचा तोटा आमचा.
एका सकाळी लिटरमागं सात रुपयांचा फरक.

योरिस साहेबानं फोनवर विचारलं, गिऱ्हाईक का तुटलं?
संडास तर आपला स्वच्छ आहे.
त्याला सात रुपये कसे समजवावेत?
अहमदपूरचा टेम्पोवाला सात पैशांसाठी दुभाजक ओलांडतो.
आठ दिवसांत आमच्यातला रमाकांत तेलंगेसुद्धा पलीकडं गेला,
खिशावरचं चिन्ह उसवून, त्याच शर्टात.
जेवायला मात्र इकडंच यायचा. सावली आमचीच बरी.

त्याच वर्षी आंदोलन पेटलं.
मागणी खरी होती. निवेदनावर माझी पण सही आहे.
रस्त्यावर टायर आले.
टायर पेटवायला पेट्रोल लागतं.
पोरं बाटल्या घेऊन आली,
आमच्या भावफलकाकडं मान वर करून बघितलं
आणि समोर गेली.
"तिकडं सात रुपयांनी स्वस्त आहे, मामा."

काच मात्र आमची फोडली.
मोठी होती, परदेशी होती, आवाज छान आला.
फोडणाऱ्यात माझ्या साडूचं पोरगं होतं.
त्याच्या तळव्याला पाच टाके पडले,
दवाखान्याचं बिल मीच भरलं.

महिन्यानं पत्र आलं.
'क्षेत्रीय अशांतता, धोरणात्मक अनिश्चितता लक्षात घेता'
तेलंगेनं भाकर हातात धरून मोठ्यानं वाचलं.
क्षेत्रीय म्हणजे कोण रे?
म्हटलं, आपण.
आन् धोरणात्मक?
मी समोरच्या पंपाकडं बोट केलं.

त्याच वाक्यात पुढं कुठल्या तरी नदीचं मुख होतं.
तिथं त्यांच्या विहिरी आहेत म्हणे.
तिथली पोरं नळीला भोक पाडतात,
तिथलं सरकार रातोरात कायदा फिरवतं.
नदीचं नाव आम्हाला काही केल्या उच्चारता आलं नाही.
त्यांना तरी चाकूर कुठं जमणार.
पण बसलो होतो शेजारी शेजारी,
एका स्वल्पविरामाच्या अलीकडं-पलीकडं.

पगार अजून येतो, एक तारखेला,
कुठून येतो मी विचारत नाही.
फलकावरचे आकडे काढायला कुणी आलंच नाही.
पाट्यांचे आकडे ते, वीज नसली तरी दिसतात.
समोर भाव चढत गेला, चढत गेला,
आमचा आहे तिथंच.

आता रात्री परगावच्या गाड्या
आमचा भाव बघून कचकन ब्रेक मारतात.
काच खाली होते. "चालू आहे का?"
मी खुर्चीतून उठतो,
हात नकळत नोझलकडं जातो,
मग शिट्टी मारून बॅटरी हलवतो :
समोर, समोर.